दोन इंचांची हौस

थार, जिमनी किंवा जुनी जिप्सी घेतलेल्या माणसाला पहिल्या तीन महिन्यांत एक आजार हमखास होतो. गाडी घरी आली, नारळ फुटला, सोसायटीत पेढे वाटून झाले, ताम्हिणीत जाऊन पावसातले फोटो काढून झाले, की एके दिवशी साहेबांना पार्किंगमध्ये उभी असलेली स्वतःची गाडी अचानक बुटकी वाटायला लागते. मग शनिवारी दुपारी फोन येतो. "अरे, लिफ्ट टाकायचीय. बजेट पन्नास हजार. किती इंच येतील?"

किती इंच येतील! गुंठ्यावर जमीन, तोळ्यावर सोनं आणि आता इंचावर सस्पेन्शन. दुकानदारालाही हा प्रश्न फार आवडतो, कारण इंच मोजायला सोपे आणि विकायलाही सोपे. आधी-नंतरचे दोन फोटो शेजारी लावले की काम झालं. त्या दोन फोटोंच्या मध्ये नेमकं काय बदललं हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. बजेट कमी असेल तर गाडी उचलू नका. 'आत्ता स्वस्तातली टाकू, पुढे चांगली टाकू' हे तर अजिबात करू नका. स्वस्त मोबाइल म्हणजे महागड्या मोबाइलसारखाच, फक्त थोडा हळू चालणारा. स्वस्त लिफ्टचं तसं नाही. चांगली लिफ्ट गाडीला काहीतरी देते, स्वस्त लिफ्ट गाडीकडे आधीपासून असलेलं काहीतरी काढून घेते, आणि त्याचे पैसेही तुमच्याकडूनच घेते. हे मत अनेकांना आवडणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मुळातला घोळ. लोकांना वाटतं लिफ्ट टाकली की गाडीखालची जागा वाढते. कुठली जागा? जिमनीला आणि जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड आस आहे. २०२० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे अखंड आस आहे. या आसाच्या पोटात डिफरन्शियलचा तो गोल गड्डा असतो, आणि दगडाला सगळ्यात आधी घासतो तो हाच. आता हा गड्डा जमिनीपासून किती उंच? जेवढी टायरची त्रिज्या ठरवेल तेवढा. स्प्रिंग आसाच्या वर असते, ती आसाला उचलत नाही, ती बॉडीला उचलते. तुम्ही दोन इंच टाका नाहीतर सहा इंच टाका, अखंड आसाच्या गाडीत डिफरन्शियल होता तिथेच राहतो. तोच दगड, तोच गड्डा, तोच 'खर्रर्र' आवाज. फक्त आवाज ऐकणारे तुम्ही दोन इंच वर बसलेले असता.

तो गड्डा उचलायचा एकच रस्ता, मोठा टायर. त्याचाही हिशोब करून बघा. जिमनीचा मूळ टायर १९५/८० आर १५, म्हणजे व्यास साधारण ६९३ मिमी. त्याजागी २१५/७५ आर १५ टाकला तर व्यास होतो सुमारे ७०३ मिमी. दिसायला टायर एकदम भरदार, पण डिफरन्शियल वर गेला फक्त ५ मिमी, कारण वाढीचा निम्मा भाग आसाच्या वर जातो. २३५/७५ आर १५ टाकला तर व्यास ७३३ मिमीच्या आसपास आणि उंचीत फायदा २० मिमी. पण मग गिअरिंग जवळपास सहा टक्के लांब होतं, पिकअप मंदावतो, स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो आणि वळणावर टायर आतल्या प्लास्टिकला घासायला लागतो. म्हणजे २० मिमीसाठी एवढं सगळं. हे करू नका असं मी म्हणत नाहीये, हिशोब करून करा एवढंच म्हणतोय.

लिफ्टचा काहीच उपयोग नाही असंही नाही. खोटं कशाला बोलायचं? बॉडी वर गेली की बंपर, पायदान आणि पोटाखालची चासी वर जाते. उंचवट्यावर मधोमध पोट टेकून गाडी लटकते ना, ते कमी होतं. थारचा व्हीलबेस २४५० मिमी. ५० मिमी उचलली तर उंचवटा ओलांडायचा कोन साधारण चार अंशांनी वाढतो. चार अंश कमी नाहीत. पण कंपनीने २०२० मध्ये दिलेले आकडे बघा. थारचा पुढून चढायचा कोन ४१.८ अंश, मागून उतरायचा ३६.८ अंश, पोटाचा २७ अंश आणि जमिनीपासून उंची २२६ मिमी. माझा साधा प्रश्न आहे. गेल्या वर्षभरात तुमची गाडी पोटावर किती वेळा टेकली? वीस वेळा टेकली असेल तर तुम्ही गंभीर माणूस आहात, हा लेख तुमच्यासाठी नाही. एकदाही टेकली नसेल तर ते चार अंश तुम्ही कशासाठी विकत घेताय?

आमच्या धंद्यात नवीन पोरांना पहिली शिकवण हीच असते, की आधी मोजा, प्रोग्रॅम कुठे अडतोय ते शोधा, मग तिथेच हात घाला. जो भाग अडतच नाही तो दुप्पट वेगवान केला तरी एकूण फरक शून्य. सोमवार ते शुक्रवार हे तत्त्व इतरांना ऐकवणारी मंडळी शनिवारी गॅरेजमध्ये जाऊन बरोबर उलटं करतात.

मागच्या पावसाळ्यात मुळशीच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाच्या शेतात आम्ही पाच-सहा गाड्या घेऊन गेलो होतो. त्यात एक उचललेली थार होती, दिसायला एक नंबर. टायर मात्र रस्त्याचे, आणि त्यांत हवा महामार्गावर असते तेवढीच. लाल चिखलाच्या एका साध्या चढावर ती चारही चाकं फिरवत जागच्या जागी रुतली. तिच्यामागून एक जुनी जिप्सी आली. उंची कंपनीची, टायर खरबरीत, हवा अठरावर आणलेली. फारसा आवाजही न करता वर गेली आणि वरून दोर टाकून थारला ओढून घेतलं. थारची उंची तिथे अडलीच नव्हती, अडली होती पकड. आपल्याकडच्या पावसाळ्यात दहातल्या आठ वेळा हेच अडतं.

आता स्वस्त लिफ्ट गाडीकडून काय काढून घेते ते बघू. तीन गाड्या, तीन तऱ्हा.

थारच्या पुढच्या बाजूला स्वस्त उपाय म्हणजे स्पेसर. स्प्रिंग आणि डँपरच्या जोडीच्या डोक्यावर एक जाड चकती बसवायची. स्प्रिंग तीच, डँपर तोच. गाडी वर जाते हे खरं, आणि विशबोनच्या रचनेमुळे चकतीच्या जाडीपेक्षा बरीच जास्त वर जाते. पण डँपरची हालचाल होती तेवढीच राहते, फक्त ती सगळीच्या सगळी खाली सरकते. म्हणजे चाक लटकलं की ते कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्याही खाली जातं. बॉल जॉइंट तिरका होतो, सीव्ही जॉइंट जास्त कोनात फिरतो, त्याचं रबरी बूट ताणलं जातं. बूट फाटलं की आतलं ग्रीस बाहेर आणि बाहेरचा चिखल आत. पुढचा खर्च मग तुम्हीच काढा. दुकानदार तेव्हा म्हणतो, "साहेब, ऑफ-रोडिंग केलं की हे होणारच." वा!

जिमनीत स्वस्त उपाय म्हणजे नुसत्या उंच स्प्रिंगा, किंवा जुन्या स्प्रिंगांखाली चकत्या. डँपर मूळचेच ठेवायचे, कारण चार डँपर घेतले तर बजेट कोलमडतं. इथे गंमत उलटी होते. डँपर पूर्ण ताणला की त्याची जी लांबी होते ती ठरलेली असते. बॉडी ४० मिमी वर गेली, म्हणजे उभ्या गाडीतच डँपर ४० मिमी आधीच ताणलेला. चाकाला खाली जायला जी जागा होती ती तेवढ्याने घटली. खड्ड्यात मागचं चाक आधी जमिनीला चिकटून राहायचं, ते आता लवकर हवेत उचललं जातं. चाक हवेत गेलं की त्याची पकड शून्य. म्हणजे दगडधोंड्यांवर चांगली चालावी म्हणून पैसे घातले आणि दगडधोंड्यांवरची तिची मूळची ताकदच कमी करून घेतली. शिवाय प्रत्येक गतिरोधकानंतर डँपर टोकाला जाऊन 'ठक्' करतो तो वेगळाच.

एवढ्यावर भागत नाही. जिमनीचा पुढचा आस लांब दांड्यांनी चासीला जोडलेला आहे. बॉडी वर गेली की दांड्यांचा कोन बदलतो, आस किंचित फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे काय, तर सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो तसा तो कल. त्याच्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. तो कमी झाला की महामार्गावर ऐंशीच्या पुढे गाडी भरकटायला लागते, आणि एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग असं थरथरतं की हातातून सुटेल की काय असं वाटतं. आस आडवा धरून ठेवणारी जी दांडी असते तिच्यामुळे तो थोडा बाजूलाही सरकतो. हे सगळं दुरुस्त करता येतं, त्यासाठी वेगळे बुश आणि दांड्या मिळतात. पण ते पन्नास हजारांच्या 'पॅकेज'मध्ये आहेत का, हे विचारून बघा. दुकानदार विषय बदलतो.

जिप्सीला पाटे आहेत. तिथला स्वस्त उपाय म्हणजे लांब शॅकल. एक इंच उंची हवी तर शॅकल दोन इंच लांब लागतो, कारण पाट्याचं एकच टोक त्याला जोडलेलं असतं. लोखंडाच्या दोन पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, झाली लिफ्ट. पण पुढच्या पाट्याचं एक टोक खाली गेलं की आस फिरतो आणि इथेही कॅस्टरचा बळी जातो. वर लांब शॅकल बाजूला डुलतो, त्यामुळे वळणावर गाडी आधी झुकते आणि मग विचार करून वळते. :-)

जिप्सीवाल्यांना तर मी हात जोडून सांगतो. तुमची गाडी बुटकी नाहीये, म्हातारी झालीये. नागरी ग्राहकांसाठी जिप्सी बंद होऊन काही वर्षं झाली, आता मिळतात त्या सगळ्या वापरलेल्या. इतक्या वर्षांत पाटे बसतात, बुश दबतात. कुठल्याही लिफ्टआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंना टेप लावून मोजा. डावी-उजवी सारखी नसेल तर तुम्हाला लिफ्टची गरज नाहीये, नवे मूळ मापाचे पाटे, बुश आणि शॉकअप यांची गरज आहे. हरवलेली उंची परत मिळते आणि गाडी सरळ चालते. पाटेवाल्या मिस्त्रीला हे बरोबर कळतं. कळत नाही ते इंस्टावर आधी-नंतरचे फोटो टाकणाऱ्यांना.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा लेख लिहायला बसलो ती. थारवाल्यांत एक फॅशन आहे, की फक्त पुढची बाजू उचलायची. गाडीचं नाक थोडं खाली दिसतं म्हणून ते 'लेव्हल' करायचं. मागे काही खर्च नाही, पुढे दोन चकत्या, सगळ्यात स्वस्त काम. गणित करा. पुढून ५० मिमी उचलली, व्हीलबेस २४५०, म्हणजे गाडीचं नाक दोन टक्के वर. हेडलाइटचा डिपर साधारण एक टक्का खाली लावलेला असतो, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटीमीटर खाली. एक टक्का खाली अधिक दोन टक्के वर, म्हणजे तुमचा डिपर आता एक टक्का आकाशाकडे बघतोय. पन्नास मीटरवर तो दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर वर पोचतो. दिवा जमिनीपासून मीटरभर धरला तर प्रकाशाची वरची कड दीड मीटरवर. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तिथेच असतात.

म्हणजे डिपर मारूनसुद्धा तुम्ही समोरच्याला आंधळं करताय. पावसाळी रात्री, घाटात, एका बाजूला दरी. वरून त्यात पांढरेफेक दिवे बसवले असतील तर विचारूच नका. आणि हे तुम्हाला कळणारही नाही, कारण तुम्हाला उलट रस्ता जास्त लांबपर्यंत दिसतो आणि वाटतं, वा, लिफ्टनंतर लाइट पण मस्त पडतोय! दिव्यांचा कोन खाली करून घेणं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. लिफ्ट करून आलेल्या जेवढ्या मित्रांना मी विचारलं, त्यांच्यापैकी एकाच्याही गॅरेजने ते केलेलं नव्हतं. एकानेही! इंच दिसतात, कोन दिसत नाही.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे गुरुत्वमध्य. अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था एनएचटीएसए २००१ सालच्या मॉडेलांपासून गाडी उलटण्याच्या धोक्याला गुण देते. त्याचा पाया एक साधा भागाकार आहे, डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भागिले गुरुत्वमध्याची उंची. उदाहरणादाखल अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७५० मिमी धरा, उत्तर १. लिफ्टमुळे गुरुत्वमध्य ४० मिमी वर गेला की उत्तर ०.९५. पाच टक्के गेले. एवढ्याने गाडी उद्या उलटेल का? नाही. पण लिफ्ट कधी एकटी येते का? तिच्यामागून छतावर लोखंडी कॅरिअर येतो, त्यावर जास्तीचं चाक, पाण्याचे कॅन, तंबू. मग कोणीतरी सांगतं अँटी-रोल बार काढून टाक, चाकं जास्त खेळतात. प्रत्येक जण दोन-पाच टक्के खाऊन जातो. शेवटी रविवारी संध्याकाळी द्रुतगती महामार्गावर नव्वदच्या वेगात समोर कुत्रं येतं, तेव्हा या सगळ्याची बेरीज एकदम होते. मागच्या सीटवर तेव्हा आई-बाबा किंवा पोरं असतात, ऑफ-रोडचे मित्र नसतात.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाप्रमाणे फेरफार करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२ए म्हणतं, बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. "पण अरे, कोण पकडतं?" हो, पोलीस टेप घेऊन उभे नसतात, मान्य. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, तो मात्र वाकून बघतो. दुकानदाराच्या बिलावर ही जबाबदारी कुठे लिहिलेली असते का ते एकदा बघा.

आता नेहमीचे आक्षेप.

"बाहेरच्या देशात तर चार-सहा इंच टाकतात." टाकतात. आणि बहुतेक नामांकित किट जिथून येतात त्या ऑस्ट्रेलियातल्या अनेक राज्यांत साधारण ५० मिमीच्या पुढे गेलं की अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. तिथली चांगली किट इंचावर विकलीही जात नाहीत. ओल्ड मॅन इमूसारख्या किटमध्ये पहिला प्रश्न असतो गाडीवर कायम वजन किती, मग त्या वजनाची स्प्रिंग आणि तिच्याशी जुळवलेला डँपर. उंची हा त्या निवडीचा परिणाम, उद्देश नव्हे.

"गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमधल्या गाड्या बघ." बघितल्यात. २०१४ पासून ती स्पर्धा भारतात आली आणि त्यातल्या गाड्या खरोखर भारी असतात. पण त्यांना रोल केज असतो, विंच असते, शेजारी सराव केलेला जोडीदार असतो. त्या गाडीने कोणी सोमवारी हिंजवडीला कामाला जात नाही.

"मला फक्त दिसायला आवडते." हा एकमेव प्रामाणिक आक्षेप आहे आणि मला तो मान्यही आहे. आवडीला कारण लागत नाही. पण मग तसं म्हणा. दिसण्यासाठी खर्च करताय तर निदान असा करा की गाडीचं चालणं बिघडणार नाही. खरबरीत टायर आणि साधे काळे स्टीलचे रिम, एवढ्याने अर्धा रुबाब येतो.

तर मग त्या पन्नास हजारांचं काय करायचं? माझा क्रम असा.

पहिलं, हवा मोजायचं चांगलं यंत्र आणि हवा भरायचा छोटा कंप्रेसर. मातीत-वाळूत शिरताना तीसची हवा अठरा-वीसवर आणा. टायर चपटा होऊन जमिनीवर लांब पसरतो आणि पकड एकदम वाढते. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही दोन इंचांनी पडत नाही, आणि खर्च किती कमी! डांबरी रस्त्यावर यायच्या आधी परत भरा म्हणजे झालं.

दुसरं, ओढून काढायचं सामान. चांगला दोर, त्याला शोभतील असे शॅकल, आणि गाडीला पुढे-मागे खरे हूक. सोबत दुसरी गाडी असल्याशिवाय जायचं नाही, याला पैसे लागत नाहीत.

तिसरं, टायर. मूळ मापाचे किंवा एकच पायरी वर, माती आणि रस्ता दोन्हीला चालणारे. बजेटचा मोठा हिस्सा इथे जाऊ दे.

चौथं, पोटाखालची जाड पत्र्याची ढाल. डिफरन्शियल घासणार हे ठरलेलंच असेल तर त्याला आणि इंजिनाच्या तेलाच्या टाकीला चिलखत द्या.

पाचवं, एका दिवसाचं प्रशिक्षण. कोणीतरी बाहेर उभं राहून चाक कुठे ठेवायचं ते दाखवतं, तेव्हा कळतं की ज्या दगडावर आपण पोट घासत होतो त्याच्यावर चाक चढवायचं असतं. म्हणजे झाली की नाही लिफ्ट!

एवढं करून वर्षभर फिरा. अडाल तिथे लिहून ठेवा, पोट अडलं, बंपर अडला, की पकड सुटली. वर्षाने वही उघडा. पोट आणि बंपर वारंवार दिसत असेल तर खुशाल लिफ्ट टाका, पण पैसे साठवून एकदाच पूर्ण टाका. ४० ते ५० मिमी, त्यापुढे नाही. गाडीवर कायम जेवढं वजन असतं त्या वजनाच्या स्प्रिंगा, त्याच उंचीसाठी बनवलेले चार डँपर, कॅस्टर दुरुस्त करायचे बुश.

आणि गॅरेजवाल्याला हे पाच प्रश्न विचारा. डँपरची पूर्ण ताणलेली लांबी किती? चाक पूर्ण लटकलं की ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो का? बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळणार की जॅकवर लटकत ठेवून? (लटकत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.) अलाइनमेंटचे आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर देणार का? आणि हेडलाइट भिंतीवर मारून खाली करून देणार का? पाचही उत्तरं न अडखळता मिळाली तर तो माणूस जपून ठेवा. "साहेब, टेन्शन नका घेऊ, शंभर गाड्या केल्यात," असं उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या.

असो. खूप लांबलं. गाडी तुमची, पैसे तुमचे, हौसही तुमची. पण रात्री घाटात समोरून येणारा मी असतो, बाइकवर, पावसात. तेवढे दिवे खाली करून घ्या राव.